शेअर फोल्डर, वीसची मर्यादा आणि आमचे दोन महिने

आमच्या ऑफिसात आम्ही सतरा जण. माझं मूळ काम बिलिंग आणि डॉक्युमेंटचं, पण कॉम्प्युटरचं काही अडलं की सगळे माझ्याकडे येतात, कारण प्रिंटर लावणं, वायफायचा पासवर्ड बदलणं, नवीन माणसाला ड्राइव्ह जोडून देणं ही कामं पहिल्यापासून मीच करत आलेय. तर आमच्या शेअर केलेल्या ड्राइव्हला रोज कुणालातरी जोडताच येईना असा हा जो काही दोन महिन्यांचा प्रकार झाला तो सविस्तर लिहून ठेवतेय, कारण मला तेव्हा अशी एका जागी लिहिलेली माहिती मिळाली असती तर निम्मा त्रास वाचला असता.

आमच्याकडे एका कोपऱ्यात एक डेस्कटॉप ठेवलेला होता, त्यावर साधी विंडोज १०, मॉनिटर बंद, मशीन रात्रंदिवस चालू. त्यावर एक फोल्डर शेअर केलेलं आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तो झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला. आम्ही सगळे त्या मशीनला सर्व्हरच म्हणायचो. काही वर्षं उत्तम चाललं, कुणाला कधी त्याकडे बघायची गरजसुद्धा पडली नाही. तेव्हा आम्ही तेरा जण होतो. मग चार नवीन लोक आले, त्यांनाही मीच ड्राइव्ह जोडून दिले, आणि त्यानंतर महिनाअखेरीला पहिल्यांदा ते झालं.

सकाळी अकराच्या सुमारास अकाउंटच्या मॅडमनी हाक मारली, अगं झेड ड्राइव्ह उघडत नाहीये बघ जरा. जाऊन बघते तर स्क्रीनवर इंग्रजीत लांबलचक मेसेज, त्याचा अर्थ असा की या कॉम्प्युटरला आत्ता आणखी कनेक्शन करता येत नाही कारण त्याला जेवढी घेता येतात तेवढी आधीच झालेली आहेत. खरं तर सगळं त्या मेसेजमध्येच लिहिलेलं होतं. पण घाईत कोण पूर्ण वाचतं, मला फक्त कनेक्शन हा शब्द दिसला आणि डोक्यात आलं की वायर नाहीतर स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्कच्या वायरी जिथे जोडतात तो डबा, गेला. वायर काढून परत लावली, दुसऱ्या पोर्टला लावून बघितली, मॅडमचा कॉम्प्युटर रिस्टार्ट केला, काही नाही. शेवटी कोपऱ्यातलं मशीनच रिस्टार्ट केलं आणि लगेच सगळं चालू झालं. मला वाटलं चला सुटलं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तेच, फक्त या वेळी डिझाइनच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर, आणि मॅडमचं मात्र व्यवस्थित चालू. तिसऱ्या दिवशी एकदम तिघांना. मग आठ-दहा दिवस हेच चाललं, रोज कुणीतरी वेगळं अडकायचं, रोज मी मशीन रिस्टार्ट करायचे, आणि रिस्टार्ट करायच्या आधी सगळ्यांना ओरडून सांगायचं की फाइली सेव्ह करा. त्यात सगळ्यांची पंधरा-वीस मिनिटं जायची. नवीन स्विच मागवायचं पण ठरत आलं होतं. स्विच बिचारा ठणठणीत होता, बाकी सगळ्यांचं नेट चालू, प्रिंट निघतेय, फक्त झेड ड्राइव्ह नाही, आणि तोही ठराविक लोकांनाच नाही. वायरचा किंवा स्विचचा दोष असा माणूस बदलत फिरत नाही. हे लक्षात यायला मला आठवडा लागला.

त्यानंतर मी शांतपणे बसून ज्याला एरर येत होता त्याच्या कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, ड्राइव्ह हाताने जोडून बघितला तर सिस्टम एरर ७१ असं आलं. हा नंबर हाती लागला आणि तिथून खरी गोष्ट कळायला लागली. साध्या विंडोजवर, म्हणजे जी आपण रोज वापरतो ती, सर्व्हरवाली नव्हे, एका वेळी बाहेरून किती जण येऊन फाइली वापरू शकतात याला मर्यादा घातलेली असते. विंडोज १० आणि ११ ला ती २० आहे. जुन्या एक्सपीच्या काळात होम एडिशनला ५ आणि प्रोफेशनलला १० होती. हा बिघाड नाही, लायसन्सच्या अटींमध्येच लिहिलेलं आहे. आपल्या मशीनवर बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट कॉन्फिग सर्व्हर असं टाइप करायचं, त्यात मॅक्झिमम लॉग्ड ऑन युजर्स अशी ओळ येते. आमच्यावर तिच्यापुढे २० लिहिलेलं होतं.

पण आम्ही तर सतरा! मग वीस कुठून भरतात हे काही केल्या कळेना.

याचं उत्तर मिळालं नेट सेशन या कमांडमधून, सेशन म्हणजे बाहेरून आलेली एकेक चालू जोडणी. ही कोपऱ्यातल्या मशीनवरच चालवायची, आणि कमांड प्रॉम्प्ट रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करूनच उघडायचा नाहीतर ॲक्सेस डिनाइड म्हणतं. मॉनिटर लावला, कमांड दिली, आणि समोर यादी आली. नेटवर्कमधल्या कुठल्या पत्त्यावरून, कोणता युजर, किती फाइली उघड्या, आणि किती वेळ नुसता बसून आहे. मी वही घेऊन एकेक ओळ लिहून काढली. बरोब्बर वीस ओळी. त्यातले चौदा आमचे लोक, आपापल्या कॉम्प्युटरवरून. तीन ओळी अशा होत्या की कॉम्प्युटर तोच पण पत्ता वेगळा, ते निघाले लॅपटॉपवाले. आमच्यातले काही जण मीटिंगला लॅपटॉप उचलून आत जातात, तिथे वायफायवर येतात, परत टेबलावर येऊन वायर लावतात, आणि वायफायवरचं जुनं सेशन यादीत तसंच लटकून राहिलेलं असतं. दोन ओळी मोबाइलच्या होत्या, कुणीतरी फोनमधल्या फाइल मॅनेजरमधून झेड ड्राइव्हमधले फोटो बघायची सोय करून घेतली होती. आणि एक ओळ स्कॅन मशीनची, जे स्कॅन केलेले कागद थेट त्या फोल्डरमध्ये टाकतं. चौदा, तीन, दोन, एक. झाले वीस. आणि त्या दिवशी बाहेर राहिलेले तिघे म्हणजे आमचेच उरलेले तीन लोक.

ती वही अजून आहे माझ्याकडे. मोजायची असतात ती सेशन्स, माणसं नाहीत आणि टेबलंही नाहीत, हे त्या पानावर बघितलं तेव्हा पक्कं समजलं.

मशीन आपणहून रिकामटेकडी सेशन्स काढत असतंच, त्याच नेट कॉन्फिग सर्व्हरच्या यादीत आयडल सेशन टाइम १५ असं दिसतं, म्हणजे पंधरा मिनिटं काही हालचाल नाही तर सेशन काढून टाकायचं. पण फाइल उघडी असेल तर काढत नाही. आणि इथे एक गोष्ट मला नवीनच कळली, नुसती फोल्डरची खिडकी उघडी ठेवून खाली मिनिमाइज केलेली असली तरी ते फोल्डर उघडं म्हणून धरलं जातं. आमच्यातले निम्मे लोक सकाळी झेड ड्राइव्हची खिडकी उघडतात ती संध्याकाळी मशीन बंद करतानाच जाते. मी शेअर्ड फोल्डर्सच्या त्या व्यवस्थापनाच्या खिडकीत बघितलं, तीच जी एफएसएमजीएमटी डॉट एमएससी असं टाइप केलं की उघडते, तिथे ओपन फाइल्समध्ये फाइल एकही नाही पण फोल्डरची नावं ओळीने लागलेली. आणि ज्याचं सेशन पंधरा मिनिटांनी खरंच गेलं तो माणूस परत आला की आपोआप पुन्हा जोडला जातो, त्याला कळतही नाही, पण तेवढ्यात त्याची जागा दुसऱ्याने घेतली असेल तर मात्र तो बाहेर. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर सगळ्यात जास्त तक्रारी यायच्या.

मग मी वेळ पाच मिनिटांवर आणली, नेट कॉन्फिग सर्व्हर पुढे स्लॅश ऑटोडिस्कनेक्ट कोलन ५ असं देऊन. लोकांना सांगितलं की खिडक्या बंद करत जा, फोनवरून ड्राइव्ह जोडू नका. थोडा फरक पडला, पण महिनाअखेरीला परत तेच.

आता जे सांगतेय ते मुद्दाम नीट सांगतेय कारण यात नुकसान झालं. नेट सेशन पुढे पत्ता आणि स्लॅश डिलीट दिलं की ते सेशन तिथल्या तिथे तुटतं. एका दुपारी साहेबांना तातडीने फाइल हवी होती आणि त्यांनाच एरर येत होता, मी यादी बघितली, एक ओळ बराच वेळ निवांत दिसत होती, ती उडवली. ती अकाउंटच्या मॅडमची होती. त्यांची एक्सेलची शीट उघडी होती आणि त्या फोनवर बोलत होत्या म्हणून मशीन निवांत दिसत होतं. सेशन तुटल्याबरोबर त्या फाइलवरचं लॉक गेलं. तेवढ्यात दुसऱ्या एकाने तीच शीट उघडली, त्याला ती रीड ओन्ली न येता सरळ लिहायला मिळाली, त्याने आपल्या नोंदी टाकून सेव्ह केलं. इकडे मॅडमच्या स्क्रीनवर त्यांची शीट तशीच होती, पण सेव्ह करायला गेल्या तर एरर. एका फाइलचे दोन अवतार झाले आणि ते जुळवायला आम्ही दोघी संध्याकाळी साडेआठपर्यंत बसलो होतो, एकेक ओळ वाचत. मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. त्या यादीत ओपन्स म्हणून एक रकाना असतो, त्यात शून्य असेल तरच हात लावायचा, नुसत्या आयडल टाइमवर जायचं नाही.

मर्यादा वाढवता येते का हे पण शोधलं. फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये एकाच वेळी किती युजर हा आकडा असतो, तो वीसच्या वर जातच नाही. एका फोल्डरचे दोन शेअर करून बघितले, उपयोग शून्य, कारण मर्यादा फोल्डरला नाही, अख्ख्या मशीनला आहे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, बदल करा, अमुक पॅच, म्हणजे सिस्टमच्या फाइली बदलणारा प्रोग्रॅम, टाका असे सल्ले पण भरपूर मिळतात. त्यातला टीसीपी आयपी पॅचचा जो सल्ला सगळीकडे फिरतो तो मुळात वेगळ्याच गोष्टीचा आहे, एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये, म्हणजे २००४ ला, अर्धवट जुळलेल्या कनेक्शनवर १० ची मर्यादा आली होती त्याबद्दलचा, त्याचा शेअर फोल्डरशी संबंध नाही. आणि सिस्टमच्या फाइलींमध्ये फेरफार करून लायसन्सची अट मोडायची हे मला पटलंच नाही. ज्या मशीनवर सगळ्यांचा हिशोब आहे त्यावर कुठून तरी उतरवलेला पॅच चालवायचा, नकोच ते.

मधल्या काळात एक तात्पुरता उपाय केला, जुन्या वर्षांच्या फाइली आणि जुने स्कॅन दुसऱ्या एका कॉम्प्युटरवर हलवले. त्या मशीनला त्याचे स्वतःचे वेगळे २० मिळतात, त्यामुळे ताण कमी झाला खरा. पण ते ज्याचं टेबल तो संध्याकाळी सहाला मशीन बंद करून घरी जायचा आणि उशिरापर्यंत बसणाऱ्यांचे फोन मला यायचे. शिवाय कुठली फाइल कुठे यावरून रोज वाद.

शेवटी साहेबांसमोर वही ठेवली. नुसतं कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून सांगत होते तेव्हा ते रिस्टार्ट कर म्हणायचे, वीस ओळींची यादी बघितल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं की मग करायचं काय. दोन रस्ते होते. एक म्हणजे विंडोज सर्व्हर घ्यायचा, त्याला ही वीसची अट नाही, पण प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक मशीनमागे वेगळं ॲक्सेस लायसन्स लागतं, ज्याला कॅल म्हणतात. मोठ्या ऑफिसला ते योग्यच, पण आम्हाला फक्त फाइली ठेवायच्या आहेत आणि ते सांभाळायला वेगळा माणूस नाही. दुसरा रस्ता म्हणजे लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टमवर, सांबा. हे सांबा म्हणजे लिनक्सच्या मशीनला विंडोजसारखं फाइल शेअरिंग करता यावं म्हणून बनवलेलं सॉफ्टवेअर, अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातल्या माणसाने १९९२ च्या सुमारास सुरू केलेलं, फुकट आणि खुलं. त्यात कनेक्शनची मर्यादा मुळातच ठेवलेली नाही, आपण ठरवली तर असते, नाहीतर मशीनची मेमरी जेवढं झेपेल तेवढं. बाजारात नास म्हणून ज्या छोट्या डिस्कच्या पेट्या मिळतात त्यातल्या बहुतेकांच्या आत हेच चालतं.

आधी एका पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स आणि सांबा टाकून दोन आठवडे फक्त जुने स्कॅन आणि जुन्या फाइली त्यावर ठेवल्या. एकदाही एरर आला नाही. मग साहेबांनी दोन डिस्कची नास घ्यायला होकार दिला. डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात, एक गेली तरी काम थांबत नाही. पण चुकून फाइल उडवली तर ती दोन्हीकडून उडते, म्हणून बाहेरच्या डिस्कवर रोज रात्री वेगळा बॅकअप लावलाच. नेटवर्कवरच्या ड्राइव्हमधून डिलीट केलेली फाइल आपल्या कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, हे पण आमच्याकडे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. नासवर रिसायकल बिन वेगळं चालू करावं लागतं, ते पहिल्याच दिवशी चालू केलं.

फाइली हलवण्याचं काम शनिवारी रात्री सुरू केलं, रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड वापरून. रविवारी सकाळी येऊन बघते तर कॉपी एका फाइलवर अडकून बसलेली. कुणीतरी शनिवारी कॉम्प्युटर चालू ठेवून गेलं होतं आणि ती फाइल उघडी होती. रोबोकॉपीला काही सांगितलं नाही तर ते अडलेल्या फाइलला दहा लाख वेळा परत प्रयत्न करतं आणि दर वेळी ३० सेकंद थांबतं! मग आर कोलन १ आणि डब्ल्यू कोलन १, म्हणजे परत एकदाच प्रयत्न आणि एकच सेकंद थांबणं, असं देऊन, लॉग फाइल ठेवून पुन्हा चालवलं, दुपारपर्यंत झालं, आणि लॉगमध्ये राहिलेल्या फाइली हाताने टाकल्या.

सगळ्यात चांगला निर्णय नावाचा होता. आमच्या एक्सेलच्या शेकडो शीट एकमेकींना जोडलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जोडण्या झेड ड्राइव्हच्या नावाने नाही तर मशीनच्या नावाने होत्या. म्हणून आधी जुन्या मशीनचं नाव बदललं, आणि जुनं नाव नवीन नासला दिलं, शेअरचं नावही तेच ठेवलं. सोमवारी लोकांनी कॉम्प्युटर चालू केले आणि झेड ड्राइव्ह आहे तिथेच, लिंक सगळ्या चालू.

तरी सोमवारची सकाळ सोपी गेली नाही. मी प्रत्येकाला स्वतःचा युजर आणि पासवर्ड दिला होता, आधी सगळे एकाच कॉमन नावाने यायचे. तर पाच-सहा जणांच्या कॉम्प्युटरवर एरर १२१९, म्हणजे एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडता येत नाही. मशीनचं नाव तेच असल्यामुळे विंडोजने जुना पासवर्ड लक्षात ठेवलेला. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन ती जुनी नोंद काढली, नेट यूज स्टार स्लॅश डिलीट दिलं, लॉगआउट करून परत आलं की झालं. एकेका टेबलावर पाच मिनिटं.

आणि स्कॅन मशीन काही केल्या नासला जोडेना. तेव्हा कळलं की ते फक्त एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी भाषा बोलतं, आणि आमच्या जुन्या मशीनवर कुणीतरी कधीतरी ती खास चालू करून ठेवली होती. विंडोज १० मध्ये २०१७ च्या शेवटापासून ती नव्याने टाकलेल्या मशीनवर बंदच येते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबीच्या भोकातून. एवढी वर्षं ते दार आमच्या हिशोबाच्या मशीनवर उघडं होतं हे कळल्यावर मला रात्री नीट झोप लागली नाही. नासवर ते चालू करायला मी ठाम नाही म्हणलं. त्याऐवजी स्कॅनसाठी एक वेगळं फोल्डर आणि त्यापुरताच एफटीपीचा, म्हणजे फाइली पाठवायच्या दुसऱ्या एका पद्धतीचा, वेगळा युजर केला, त्याला बाकी काही दिसत नाही.

पहिली महिनाअखेर आली तेव्हा मी सकाळपासून नासच्या स्क्रीनवर कनेक्टेड युजर्सची यादी उघडी ठेवून बसले होते. साडेअकराला आकडा २३ झाला, लॅपटॉपवाले नेहमीप्रमाणे दोनदोनदा. मॅडमकडे बघितलं, त्या शीटमध्ये डोकं घालून काम करत होत्या, कुणी हाक मारली नाही. कोपऱ्यातल्या मशीनवरचं शेअरिंग बंद करून, एसएमबी १ काढून, ते आता चार नवीन लोकांपैकी एकीला साधा कॉम्प्युटर म्हणून दिलंय.